९११ की केमन? चालवण्याचा आनंद नेमका कुठून येतो

माझा भाचा गेली बारा वर्षं स्टुटगार्टला असतो. नाशिक-पुण्याकडची वाहन उद्योगातली कितीतरी मुलं तिकडे जातात, तसा तोही गेला आणि तिथलाच झाला. परवा त्याचा फोन आला. "मामा, आयुष्यात एकदाच अशी गाडी घेणार आहे. वापरलेलीच घेईन, पण चालवताना मजा आली पाहिजे. पोर्शे ९११ घेऊ की केमन?"

माझी तीस वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनवर, म्हणजे चाकं आणि गाडी यांना जोडणाऱ्या यंत्रणेवर, काम करण्यात गेली. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा आम्ही पोर्शेच्या या दोन्ही स्पोर्ट्स गाड्या एकेक दिवस भाड्याने घेऊन ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात फिरवल्या होत्या. त्यामुळे उत्तर माझ्याकडे होतं, पण त्यामागचं कारण फोनवर पाच मिनिटांत सांगता येईना. ते इथे सविस्तर लिहितो.

हा प्रश्न आत्ताच अनेकांना पडतोय, त्याला कारण आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या केमनचं उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. युरोपीय संघात तर ती २०२४ च्या जुलैपासूनच बहुतेक रूपांत विकता येईनाशी झाली होती. गाडीतल्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेचे नवे नियम आले आणि केमनची जुनी इलेक्ट्रॉनिक रचना त्यात बसेना. त्यामुळे ज्यांना ती हवी आहे ते आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात फिरताहेत, आणि तिथे साधारण त्याच पैशांत जरा जास्त चाललेली ९११ ही दिसते.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. पुण्यात 'पोर्शे' हे नाव घेतलं की मे २०२४ चा कल्याणीनगरचा अपघात आठवतो, दोन तरुण जीव गेले ते आठवतं. ती गाडी या दोन्हींपेक्षा वेगळी, विजेवरची होती. पण आठवण खरी आहे आणि ती असायलाच हवी. म्हणून या लेखात आनंद हा शब्द मी वेगाशी जोडलेला नाही. का नाही, ते पुढे कळेल.

आधी 'मजा' म्हणजे काय ते ठरवू

संक्रांतीला पतंग उडवला असेल तर ही गोष्ट हाताला माहीत आहे. पतंग दोनशे फूट वर असतो, पण वारा पडला, झोत आला, पतंग डावीकडे कलला, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. मांज्याचा ताण सांगतो. आपण ढील देतो, खेचतो, आणि पतंग ऐकतो. पतंग किती उंच गेला यापेक्षा बोटं आणि पतंग यांच्यातली ही देवाणघेवाणच माणसाला दिवसभर गच्चीवर उभं ठेवते.

चांगली स्पोर्ट्स कार म्हणजे असा मांजा. स्टिअरिंग, बसायची सीट आणि ब्रेकचं पेडल यांतून रस्त्याची खबर येत राहते. डांबर कोरडं आहे की ओलसर, पुढच्या टायरची पकड किती उरली आहे, मागचा भाग हलका झाला का. आणि आपण जे सांगतो ते गाडी किती लगेच, किती नेमकं करते. मजा याच्यात असते.

याला एक तिसरी बाजू आहे आणि ती लोक विसरतात: हा संवाद कुठल्या वेगाला सुरू होतो? काही गाड्या ताशी ५० वर गप्प असतात आणि १५० नंतर बोलायला लागतात. सार्वजनिक रस्त्यावर त्यांचा उपयोग काय? जर्मनीतही गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी १०० ची मर्यादा असते. डोंगरातली वळणं याच रस्त्यांवर आहेत, ऑटोबान म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर नाहीत.

इंजिन कुठे बसलंय?

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, दोन्हींत आडवं 'बॉक्सर' इंजिन. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. बॉक्सरमध्ये ते जमिनीला समांतर, समोरासमोर हलतात, जशा दोन मुली समोरासमोर बसून टाळ्यांचा खेळ खेळतात. त्यामुळे इंजिन बुटकं आणि पसरट होतं. तांब्या कलंडतो, परात कलंडत नाही. वजन जमिनीलगत राहिलं की वळणात गाडी कमी झुकते.

फरक आहे तो या परातीच्या जागेत. केमनमध्ये इंजिन सीटच्या लगेच मागे, पुढची आणि मागची चाकं यांच्या मध्ये असतं. ९११ मध्ये ते मागच्या चाकांच्याही मागे, शेपटीत लटकलेलं असतं. आकड्यांत सांगायचं तर ९११ चं साधारण ३८ टक्के वजन पुढच्या चाकांवर आणि ६२ टक्के मागच्या चाकांवर पडतं. केमनमध्ये ते साधारण ४५ आणि ५५ आहे.

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो. ९११ ही जन्मतःच थोडी उलाळ गाडी आहे, आणि तिचे अभियंते सहा दशकं तो उलाळपणा ताब्यात ठेवण्याचं काम करत आले आहेत.

मला या इतिहासातली सगळ्यात आवडती गोष्ट अशी की हा वाद त्या घरात पहिल्या दिवसापासून आहे. पोर्शे नावाची पहिली गाडी, ३५६ क्रमांक १, जून १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी रस्त्यावर आली. तिचं इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होतं, म्हणजे केमनसारखं! पण विक्रीसाठी गाडी करताना मागे बसायला आणि सामानाला जागा हवी होती, म्हणून इंजिन शेपटीत गेलं. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ३५६ ची वारसदार आली, तिचं नाव आधी ९०१ होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पेजो या फ्रेंच गाडी कंपनीने हक्क सांगितला आणि ९०१ ची ९११ झाली. इंजिन शेपटीतच राहिलं, आजही आहे. मधल्या इंजिनाची जुनी कल्पना पोर्शेच्या शर्यतीच्या गाड्यांत जिवंत राहिली. बाजारात ती १९९६ मध्ये बॉक्सस्टर या उघड्या टपाच्या गाडीतून जोरात परतली, आणि २००५ मध्ये तिचीच बंद टपाची बहीण आली, ती केमन.

कडेवरचं मूल, पाठुंगळीचं मूल

दोन वर्षांचं मूल कडेवर घ्या आणि स्वतःभोवती गर्रकन वळा. सोपं जातं. आता तेच मूल पाठुंगळीला घेऊन वळून बघा. वळणं सुरू करायलाही जास्त जोर लागतो आणि थांबतानाही, कारण पाय थांबले तरी पाठीवरचं वजन पुढे जायला बघतं. मुलाचं वजन दोन्ही वेळा तेवढंच आहे. शरीराच्या मधल्या अक्षापासून ते किती लांब आहे, एवढाच फरक. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. हा शब्द पुन्हा लागणार नाही, कडेवरचं मूल लक्षात ठेवा.

केमनने मूल कडेवर घेतलंय. स्टिअरिंग थोडं फिरवलं की गाडी कमरेतून वळते. नाक आधी आणि शेपूट नंतर असं होत नाही, आपण बसलो आहोत तिथूनच ती फिरते असं वाटतं. त्या डोंगरात पहिल्या दोन-तीन वळणांतच माझ्या लक्षात आलं की मी गाडीचा विचार सोडून रस्त्याचा विचार करायला लागलो आहे. वेग ताशी साठ-सत्तर असेल. यापेक्षा मोठी शाबासकी मी कुठल्या सस्पेन्शनला देऊ शकत नाही.

९११ मध्ये मूल पाठुंगळीला आहे. तिथे वळणाला एक क्रम येतो, आणि तो समजायला टायरचा हिशोब समजावा लागतो.

टायरचा पगार

टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार. त्यातूनच ब्रेकचा खर्च, वळण्याचा खर्च आणि वेग वाढवण्याचा खर्च भागवायचा. सगळा पगार ब्रेकवर उडवला तर वळायला शिल्लक राहत नाही, गाडी सरळ जाते. पुढच्या टायरचा पगार आधी संपला तर नाक वळणाबाहेर जातं. मागच्यांचा आधी संपला तर शेपूट बाहेर जातं. पुस्तकात याला अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर म्हणतात. आपण नाक आणि शेपूटच म्हणू.

हा पगार ठरतो टायरवर त्या क्षणी किती भार आहे त्यावर, आणि भार सारखा इकडून तिकडे जातो. ब्रेक मारला की पुढे, वेग दिला की मागे. आता ९११ वळणात आहे असं समजा, आणि चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. भार पुढे सरकला, मागचे टायर हलके झाले, त्यांचा पगार कापला गेला. आणि नेमकं मागेच तर इंजिनाचं ओझं आहे, ते बाहेर फेकलं जायला बघतंय. शेपूट सुटतं. पाठुंगळीचं मूल लवकर थांबत नाही, तसं तेही लवकर थांबत नाही.

सुरुवातीच्या ९११ या दोषासाठी बदनाम होत्या. कंपनीने काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये लोखंडी वजनं बसवली होती, नाक खाली राहावं म्हणून. बैलगाडीच्या धुऱ्यावर माणूस बसवतात तोच उपाय! मग १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, म्हणजे इंजिनाचा लटकलेला भाग तेवढा कमी झाला. १९७५ मध्ये ९११ ची जास्त ताकदीची आवृत्ती, टर्बो, आली आणि ताकद एकदम अंगावर यायला लागली. तिला मिळालेलं 'विधवा करणारी' हे टोपणनाव इंग्रजी मासिकांतून जगभर पोचलं.

आजची ९११ ती राहिलेली नाही. तरीही टायर बघा, सगळी गोष्ट तिथे लिहिलेली आहे. २०१९ नंतरच्या ९११ कॅरेराचे (कॅरेरा म्हणजे ९११ ची मूळ, साधी आवृत्ती) पुढचे टायर २३५ मिलिमीटर रुंद, मागचे २९५. केमनच्या जीटीएस ४.० या आवृत्तीचे पुढचे तेवढेच २३५, मागचे २६५. मागच्या ओझ्याला जास्त पगार लागतो, तो रुंद टायरने दिलेला आहे.

मग मागे इंजिन ठेवणं ही चूकच म्हणायची ना?

नाही, आणि इथे मला ९११ ची बाजू मनापासून मांडायची आहे.

ढकलायचं काम मागची चाकं करतात. त्यांच्यावर ६२ टक्के वजन असेल तर वळणातून बाहेर पडताना, ओल्या रस्त्यावर, चढावर ती जमिनीला घट्ट धरतात. इतर ताकदवान गाड्या जिथे चाकं घासत राहतात तिथून ९११ निघून गेलेली असते. ब्रेकचंही तसंच. जोरात ब्रेक मारला की भार पुढे जातो. ज्या गाडीचं नाक आधीच जड आहे तिथे मागची चाकं रिकामी होतात आणि सगळं काम पुढच्यांवर पडतं. ९११ मध्ये भार मागून पुढे येऊन चारही चाकांवर बऱ्यापैकी सारखा होतो, त्यामुळे चारही चाकं थांबवायला लागतात.

म्हणून ९११ ला वळवायची एक रीत आहे. ब्रेक सरळ रस्त्यावर आधी मारायचा. वळायला लागताना तो हळूहळू सोडायचा, म्हणजे नाकावर भार राहतो आणि पुढचे टायर चावा घेतात. मग ॲक्सिलरेटरवर हलका, स्थिर पाय. गाडी मागच्या पायांवर बसल्यासारखी होते आणि वळणातून स्वतःला बाहेर ढकलते. हे पहिल्या दिवशी जमत नाही. मला दुपारपर्यंत चार-पाचदाच नीट जमलं असेल, आणि ते प्रत्येक वळण अजून आठवतं. केमनमधली वळणं आठवत नाहीत, कारण सगळीच चांगली होती.

कुणी विचारेल, मग पोर्शेनेच ९११ चं इंजिन मध्ये का आणलं नाही? आणलं होतं. २०१७ च्या हंगामासाठी केलेल्या ९११ आरएसआर या शर्यतीच्या गाडीत इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होतं. शर्यतीत मागच्या सीटा लागत नाहीत. रस्त्यावरच्या ९११ मध्ये त्या लागतात, आणि खरं सांगायचं तर शेपटीतलं इंजिन काढलं तर गिऱ्हाईक तिला ९११ म्हणणार नाही.

दोन इंजिनांचे दोन स्वभाव

इथे नीट लक्ष द्या, कारण 'केमन' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या गेल्या. २०१६ मध्ये केमनची नवी पिढी, ७१८ केमन, आली तेव्हा तिच्यात चार सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं. ताकद भरपूर, पण आवाज आणि स्वभाव लोकांना रुचला नाही. २०१९ मध्ये जीटी४ या आवृत्तीतून सहा सिलिंडर परत आले, आणि २०२० मध्ये जीटीएस ४.० मध्येही: चार लिटर, टर्बो नाही, ४०० पीएस ताकद. पीएस म्हणजे जवळजवळ आपला हॉर्सपॉवरच. या लेखात केमन म्हणजे हीच.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने फिरणारा पंखा, जो आत जास्त हवा कोंबतो. छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. अडचण अशी की पंखा फिरायला आधी धूर हवा. विहिरीवरचा पंप सुरू केला तरी शेताच्या टोकाला पाणी पोचायला जरा वेळ जातो, तसं. आजच्या ९११ कॅरेरात तीन लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन आहे, आणि हा उशीर इतका कमी केलाय की बहुतेकांना जाणवणार नाही. पण पायाचा अंगठा एक मिलिमीटर हलवला आणि गाडीने तेवढंच, त्याच क्षणी ऐकलं, हे केमनमध्येच मिळतं.

उलट रोजच्या वापरात टर्बोचा फायदा मोठा. चाकं फिरवणारा पीळ, म्हणजे टॉर्क, ९११ कॅरेरात ४५० न्यूटन-मीटर आहे आणि तो इंजिनाच्या मिनिटाला १,९५० फेऱ्यांपासूनच मिळतो. केमनचा ४२० आहे, पण तो पूर्ण यायला ५,००० फेऱ्या लागतात. ९११ खालीच सगळं देऊन टाकते. केमन मात्र गाणं वरच्या सप्तकात नेल्याशिवाय खुलत नाही, आणि ७,८०० फेऱ्यांपर्यंत चढत जाताना पाठीमागून येणारा तो आवाज सीटमधून थेट पाठीच्या कण्यात शिरतो.

आणि इथेच केमनची माझी मोठी तक्रार आहे. तिचे गिअर फार लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्येच ती ताशी १३० च्या आसपास जाते. म्हणजे साध्या रस्त्यावर कायदा पाळून ते वरचं सप्तक एका गिअरपुरतंच ऐकायला मिळतं. इतकं सुंदर इंजिन करून त्याला असे गिअर द्यावेत याचं मला अजून वाईट वाटतं.

गिअरचाच विषय निघाला म्हणून: पोर्शेचा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, पीडीके, भाकऱ्या करणाऱ्या सराईत बाईसारखा आहे. एक भाकरी तव्यावर, दुसरी परातीत थापून तयार. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसऱ्याने पुढचा लावूनच ठेवलेला असतो, त्यामुळे बदल क्षणात होतो. माणूस इतका झटपट गिअर बदलू शकत नाही. पण आपण वेळेसाठी शर्यत लावत नाही आहोत. हाताने गिअर टाकणं, पायाने क्लच धरणं, खाली येताना इंजिनाच्या फेऱ्या जुळवणं, यात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंततात, म्हणून मन भटकत नाही. केमन जीटीएस ४.० सहा गिअरच्या हाती गिअरबॉक्सवर मिळते. २०१९ नंतरची साधी ९११ कॅरेरा पीडीकेवरच आली. हाती गिअर हवा तर कॅरेरा टी किंवा एस शोधावी लागते, आणि तिथे किंमत चढते.

पण ९११ जास्त वेगवान आहे ना?

शून्यापासून १०० पर्यंत जायला २०१९ मध्ये आलेल्या साध्या ९११ कॅरेराला ४.२ सेकंद लागतात, हाती गिअरच्या केमन जीटीएस ४.० ला ४.५. कंपनीने दिलेला कमाल वेग दोघींचाही ताशी २९३ किलोमीटर, अगदी सारखा. डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याशा फरकावर मित्रमंडळी तासन् तास वाद घालतात. वेगासाठीच गाडी हवी असेल तर आज विजेवरच्या कुटुंबाच्या गाड्याही या दोघींना मागे टाकतात, आणि त्या चालवून उतरल्यावर हात कोरडे असतात.

वजनाचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ९११ कॅरेरा सुमारे १,५०५ किलो, केमन सुमारे १,४०५. सिमेंटच्या दोन गोण्या. आणि रुंदी: ९११ चं अंग १,८५२ मिलिमीटर, केमनचं १,८०१. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक येतो तेव्हा हे पाच सेंटिमीटर मनाला केवढा धीर देतात! रस्ता तेवढाच असला तरी त्यात जागा जास्त वाटते, आणि जागा असली की वळणाची रेषा निवडता येते.

हल्ली सगळं संगणकच सांभाळतो, मग फरक उरतो का?

उरतो. चाक घसरायला लागलं की संगणक एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतो. त्याने असंख्य जीव वाचलेत आणि रस्त्यावर ती यंत्रणा कधीही बंद करू नये. पण ती मर्यादेच्या काठावर काम करते. काठाच्या अलीकडे, जिथे आपण रोज चालवतो, तिथे वजन कुठे आहे हेच बोलतं. संगणक पाठुंगळीचं मूल पडू देत नाही, ते कडेवर आणून ठेवू शकत नाही.

काठ बघायचाच असेल तर बंद ट्रॅक आहेत. हॉकेनहाइमला पोर्शेचं स्वतःचं केंद्र आहे, तिथे शिक्षक शेजारी बसून शिकवतो. भाच्याला मी सांगितलंय, गाडी कुठलीही घे, पहिल्या वर्षी एक दिवस तिथे जा.

केमन म्हणजे 'गरिबाची पोर्शे'?

हा शब्द मी मराठी मंडळींच्या तोंडूनही ऐकलाय आणि तो मला फार खटकतो. कंपनीने वर्षानुवर्षं केमनला ९११ पेक्षा कमी ताकदीची इंजिनं दिली हे खरं. मोठ्या भावाच्या पुढे धाकटीने जायचं नाही, असा घरचा शिरस्ता. पण २०२१ च्या शेवटी केमन जीटी४ आरएस आली. तिच्यात ९११ जीटी३ चंच चार लिटरचं इंजिन बसवलं, ५०० पीएस, ९,००० फेऱ्या. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या ट्रॅकच्या २०.८ किलोमीटरच्या पूर्ण फेरीला तिने ७ मिनिटं ९.३ सेकंद घेतले. मधल्या इंजिनाच्या या गाडीत काय दडलं होतं ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. किंमत कमी म्हणून आनंद कमी, हे गणित इथे चुकतं.

घरच्यांचं काय?

थोडक्यात. ९११ ला मागे दोन छोट्या सीटा आहेत, दहा वर्षांखालचं मूल बसू शकतं. केमनला दोनच सीटा, पण पुढे आणि मागे अशा दोन डिक्या आहेत, दोघांचं आठवड्याचं सामान आरामात मावतं. लांबच्या प्रवासात ९११ शांत आणि ऐसपैस, केमनमध्ये इंजिनाचा आवाज सतत कानाशी. सहाशे किलोमीटर जायचं असेल तर मी ९११ ची किल्ली उचलीन.

आणि आपल्याकडे?

या गाड्या भारतात पूर्ण तयार होऊन येतात आणि त्यांच्यावरचं आयात शुल्क आजवर ११० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. जानेवारी २०२६ मध्ये भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाली. त्यात युरोपातल्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने आणि ठराविक संख्येपुरतं उतरवण्याचं ठरलं आहे, म्हणून आपल्याकडेही चौकशा वाढल्यात.

इथे निवड करताना कसोटी बदलते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, तिथे दोन्ही गाड्या झोपा काढतील. आंबेनळी किंवा ताम्हिणीचा घाट पहाटे, कोरड्या रस्त्यावर, एसटी सुटायच्या आधी, ही केमनची जागा. पण त्याच घाटात पावसाळा, वाहून आलेली माती आणि गावागावांतले उंच गतिरोधक आहेत. ९११ ला पुढचं नाक बटण दाबून वर उचलणारी यंत्रणा पर्याय म्हणून घेता येते. ओल्या रस्त्यावरची तिची पकडही जास्त. महाराष्ट्रात राहून एकच घ्यायची असेल तर माझा कौल ९११ ला झुकेल, आणि तो आनंदापेक्षा रस्त्यामुळे.

भाच्याला मी काय सांगितलं

त्याच्या घरात दुसरी मोठी गाडी आहे. ब्लॅक फॉरेस्टचा डोंगर त्याच्यापासून तासाभरावर आहे. तो रविवारी सकाळी दोन-तीन तास एकटा किंवा बायकोबरोबर चालवणार. त्याला शर्यत करायची नाही, आणि गाडी शिकायला वर्षं घालवण्याइतका मोकळा वेळही नाही. म्हणून केमन जीटीएस ४.०, हाती गिअरची. कमी वेगात लगेच बोलायला लागणारी गाडी त्याच्या वाट्याच्या रस्त्यांना शोभते. तो चाळीसऐवजी पंचावन्नचा असता, वेळ भरपूर असता आणि प्रत्येक वळण नव्याने जमवण्याची हौस असती, तर मी त्याला कॅरेरा टी शोधायला लावलं असतं.

तरी दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघ असं बजावलंय. वेग वाढवायचा नाही. ताशी ५० ने एक गोल चौक घ्यायचा, पायाचा दाब मध्येच जरासा कमी-जास्त करायचा आणि सीटमधून काय कळतं ते बघायचं. मग उतारावर तिसऱ्यातून दुसऱ्यात एकदा गिअर टाकायचा.

शनिवारी तो कार्ल्सरूहेला एक निळी केमन बघायला जाणार आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते वाचून टायर किती जुने आहेत ते आधी बघ म्हटलं, रबर कडक झालं असेल तर वर लिहिलेलं काहीच जाणवणार नाही. आणि जाऊन पहिल्यांदा इंजिनाच्या झाकणावर हात ठेव. इंजिन गार असेल तर सुरू करून नीट ऐक. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा घे, दोन तास थांब आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू करायला सांग.